निळ्या प्लास्टिकमागचं बिऱ्हाड

१ डिसेंबर, रविवार

मधली खोली भाड्यानं गेली एकदाची. माझ्या लेकानं, अक्षयनं, त्याच्या खाणीतला एक डंपरवाला आणला, रोशन नावाचा, बिहारकडचा. सोबत त्याची माय आणि बायको. खाण सुरू होऊन दोन वर्षं झाली न झाली तर गावात तेलुगू झालं, छत्तीसगडी झालं, आता हे. जिथं आज खोल्या आहेत तिथं आमचं कापसाचं गोदाम होतं. शेत खाणीत गेलं, कापूस गेला, ह्यांच्या माघारी मी गोदामाच्या तीन खोल्या केल्या. मिस्त्री म्हणे, "काकू, टिनाच्या खोलीले खिडकी कायले पाहिजे?" मी म्हटलं, बाबा, माणसं राहणार हायेत, गठाणी नाही. हट्टानं तिन्ही खोल्यांना मागच्या अंगणाकडे खिडक्या काढल्या. गज बसले, पल्ले राहिलेत अजून.

रोशन साधा वाटला, खाली मान घालून बोलणारा. मायचं नाव जमनी. माझ्याच वयाची असेल, पण पायात वारं. बायको मात्र जीपमधून उतरली ती डोक्यापासून टाचेपर्यंत शालीत. ना डोळा दिसला ना नख. उतरली आणि तडक आत.

जमनीनं नळ पाहिला नाही, मोरी पाहिली नाही. आधी खिडकी पाहिली. दिवेलागणीला मी मागं गेले तर खिडकीवर निळं प्लास्टिक, आतून कणकेच्या खळीनं घट्ट चिकटवलेलं.

"काहून बंद किया खिडकी?" मी विचारलं.

"धूल आती है, दीदी."

धूळ तर येतेच, खोटं कसं म्हणू. डंपर गेला की दह्यावरसुद्धा काळी साय धरते. पण नवी खिडकी दिसली की माणूस आधी बाहेर डोकावतो. हिनं आधी बुजवली. लिहून ठेवते, पुढं कामी येईल.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. लक्ष्मीची कहाणी वाचली, खीर केली, एक वाटी मधल्या खोलीत घेऊन गेले. नवं बिऱ्हाड आहे, तोंड गोड करावं. जमनीनं दार हातभर उघडलं, वाटी घेतली आणि स्वतः दारातच आडवी उभी राहिली.

"बहू को बुलाओ की, कुंकू लगाती हूं."

"बहू की तबीयत नरम है, दीदी. सोई है."

सवाष्ण बाई गुरुवारी कुंकू नाकारते असं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. वाटी संध्याकाळी परत आली ती घासून, आणि रिकामी नाही, तिच्यात चिमूटभर साखर. रीत चांगली आहे. रीत चांगली असलेली माणसं दार का अडवतात, हे कळत नाही.

दुपारी समोरची मैनाबाई आली. तिच्या लेकानं जुना फोन तिला दिल्यापासून ती गावचा पेपर झालीय. फोन माझ्या नाकाशी धरून म्हणे, "पाहा, तानाबाई. पोरं चोरनारी टोळी. बाया ब्लँकेट विकाले येतात अन् पोरगं शालीत घालून पयतात. पलीकडल्या गावात दोघांले बांधून मारलं म्हने."

"मंग, चोर होते का ते?"

"मारल्यावर कोन विचारते?"

मग हळूच म्हणे, "तुमच्या खोलीत एक शालवाली बाई हाय ना?"

मी चहा टाकायला उठले. पण शाल मनातून गेली नाही.

९ डिसेंबर, सोमवार

पहाटे अंगण झाडताना तान्ह्या बाळाचं रडणं ऐकलं. मधल्या खोलीतून.

झाडू हातातच राहिला. काल त्या खोलीत तीन माणसं होती. गावातली आशाताई आली नाही, गाडी आली नाही, कोणी पळापळ केली नाही. ताट वाजलं नाही, साखर वाटली नाही. आपल्याकडे मांजर व्यालं तरी शेजारणीला सांगतो आपण. आणि त्या बाईचं पोट मी पाहिलेलंच नाही, शालीखाली काय होतं ते देव जाणे.

दारावर थाप मारली. जमनी बाहेर आली, दार मागं ओढून घेतलं. डोळे लाल, जागलेली.

"बच्चा किसका है?"

"हमारा है, दीदी. किसी से कहिएगा मत."

किसी से कहिएगा मत. आपलं पोर असेल तर माणूस हे कशाला म्हणेल? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तरी राहवलं नाही. थंडी अशी पडलीय की रांजणातल्या पाण्यात हात घालवत नाही. पोर कोणाचं का असेना, थंडी त्याला नाव विचारून लागत नाही. आणि आतली बाई खरीच बाळंतीण असेल तर तिला शेक लागेल. माझ्या लोखंडी घमेल्यात आंघोळीच्या चुलीसाठी ठेवलेला कोळसा होता, चांगला दगडी, डंपरमधून सांडलेला. घमेलंभर तिच्या दारात ठेवला. जमनीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणे, गावाकडे बाळंतिणीच्या खाटेजवळ मातीच्या भांड्यात भुशाचा आणि गोवऱ्यांचा विस्तव ठेवतात, बोरसी म्हणतात त्याला, बारा दिवस विझू देत नाहीत. इथं भुसा कुठून आणू, ह्या घोरात होती बिचारी.

"अब कोयला है, अच्छा जलेगा," म्हणाली.

रडणारी खोटी असेल का? असतातही.

१० डिसेंबर, मंगळवार

बाळुती वाळत घातलेली दिसत नाहीत. तान्हं पोर घरात आणि दोरीवर एक फडकं नाही. पोर आहे तर ओलं करतच असेल ना. आत वाळवतात म्हणजे कोणाला दिसू द्यायचं नाही.

अक्षयला सांगितलं. तो म्हणे, "माय, त्याचं आधार हाय माझ्यापाशी. माणूस बारा-बारा तास डंपर चालवते. त्याले कायची चोरी सुचते?"

"त्याले नाही, त्याच्या मायले."

"तू मैनाकाकूच्या फोनात पाहत नको जाऊ."

आजकालच्या लेकरांना सगळं आधारवर कळतं. मी माझ्या पद्धतीनं खरं-खोटं करणार. पान्हा खोटं बोलत नाही. बाळ जिच्या छातीशी लागेल तिचं. मग मैनेलाही तोंड वर करून सांगता येईल, आणि नसलं तर अक्षयलाच घेऊन पोलिसात जाईन. पण मारू देणार नाही कोणाला माझ्या अंगणात.

पोती शिवायचं दाभण घेतलं, उन्हं कलल्यावर मागं गेले, गजांतून हात घालून प्लास्टिकला एक भोक पाडलं. तुरीच्या दाण्याएवढं. डोळा लावला. जमनीची पाठ दिसली आणि खाली जमिनीशी लाल-लाल काहीतरी. दुसरं काही नाही. लाल काय असेल?

११ डिसेंबर, बुधवार

भोक बुजलं. आतून कागदाचा तुकडा, खळीनं लावलेला. एवढ्यावर थांबलं नाही. खिडकीच्या गजाला एक फाटकी चप्पल आणि सात मिरच्या टांगल्यात.

म्हणजे दृष्ट लावणारी मी. माझ्या घराच्या भिंतीला माझ्याचविरुद्ध चप्पल. हसावं की रागवावं कळेना. दुपारी जमनी नळावर भेटली तर माझ्याकडे अशी पाहत होती जशी मी तिच्या खोलीकडे पाहते. आम्ही दोघी एकमेकींना "कैसी हो दीदी" म्हणालो आणि दोघी खोट्या हसलो.

"सर भारी है दो दिन से," ती म्हणाली. "बहू का भी. किसी की नजर लगी है."

नजर म्हणताना तिनं माझ्यावरून डोळे काढले नाहीत.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज पाहिलं.

भोकानं काम होत नाही हे कळून चुकलं होतं. दाभण उभं घालून खाली ओढलं, चांगली वीतभर फट केली. खाट नेमकी खिडकीखालीच आहे. बाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले, आणि लेकरू छातीशी. चुरूचुरू पीत होतं. तोंडाच्या कडेनं दूध गळत होतं. आई ती, आईच. शंकाच नाही. चेहरा पहिल्यांदा दिसला. किती लहान पोरगी आहे ती. लेकराचं बाळुतं सरकलेलं, पोरगी झालीय तिला. कपाळाच्या कडेला काजळाची एवढी मोठी तीट.

मी तिथं उभी, उपाशी, आणि फटीतून माझ्या तोंडावर उकाड्यासारखा वारा येत होता. खाटेच्या पायाशी ती बोरसी, मातीचं कुंडं, कोळसा लालबुंद. धूर मात्र कणभर नाही. छान पेटलाय म्हटलं माझा कोळसा.

तिथून आले तर डोकं भणभणायला लागलं, मळमळ. उपासाचं पित्त असेल. नाहीतर त्या मिरच्यांचं काही असेल. जमनीबद्दल पूर्ण खात्री अजून नाही. पोर त्यांचं आहे हे खरं, पण मग एवढं लपवायचं काय? ज्याचं स्वच्छ असतं तो उघड्यावर वाळत घालतो.

दाभण सापडत नाही. कोनाड्यात ठेवलं होतं. आज अंगणात जमनीशिवाय कोणी फिरकलं नाही. नोंद केली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

फट कोणी बुजवली नाही. म्हटलं हरली शेवटी. दारही उशिरा उघडतात आता. त्यांच्या अंगात आळस भरलाय नुसता.

दुपारी जमनी भिंत धरत-धरत माझ्या दारात आली. म्हणे, पेन द्या. लाल असेल तर बरं.

"पेन कायको?"

"कल छठी है, दीदी. मइया रात को आएगी, लिलार पर लिखेगी."

आणि मी पाहतच राहिले. सटवाई. आमची सटवाई, पाचवी-सहावीला येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो आपण. अक्षयच्या वेळी सासूबाईंनी दौत ठेवली होती. हजार कोसांवरून आलेल्या बाईची सटवाई आणि माझी सटवाई एकच निघाली. लाल पेन नव्हता. हाच दिला, ज्यानं मी लिहिते. लाल नसला तरी चालेल म्हटलं, लिहिणारी तीच आहे. म्हणून आजचं शिसपेन्सिलीनं लिहितेय, माझं अक्षर तसंही भेंडीच्या बियांसारखं, आता तर उंदरानं खाल्ल्यासारखं दिसतंय.

जाताना जमनी उंबऱ्याला अडखळली. मी धरलं. तिचा हात गरम नव्हता, ताप नाही. मग काय?

संध्याकाळी मैनाबाई. आवाज खालचा. "उद्या सकायी लोक येऊन राह्यले. खोली उघडून पाह्यतो म्हनतात."

"पोर त्यायचंच हाय, मैना. मी त्याले पिताना पाह्यलं."

"कसं पाह्यलं? दार तर ते उघडत नाहीत."

"पाह्यलं म्हणजे पाह्यलं."

"तानाबाई, भाडं मिळते म्हणून तुम्ही त्यायच्या बाजूनं बोलता, असं लोक म्हनतील."

मला फट सांगता आली नाही. म्हातारपणी भाडेकरणीच्या खिडकीला डोळा लावते, हे कोणत्या तोंडानं सांगू? अक्षयची रात्रपाळी आहे. रोशनचीही. उद्या मीच दारात उभी राहीन.

१४ डिसेंबर, शनिवार

वणीला आहे, दवाखान्यात. तिघीही श्वास घेतायत. पुढचं घरी गेल्यावर.

१५ डिसेंबर, रविवार

काल उजाडताच आले सगळे. सात-आठ माणसं, मागं मैनाबाई. दोघांच्या हातात काठ्या. मी मधल्या खोलीच्या पायरीवर बसले होते.

"काकू, बाजूले व्हा."

"आधी मी आवाज देतो. माझी खोली हाय."

दिला. जमनी, ओ जमनी. उत्तर नाही. दार वाजवलं. बाळाचाही आवाज नाही.

"पयाले," एक जण म्हणाला. "पोरगं घेऊन पयाले रातोरात."

"चप्पल तर इथं हाय त्यायची," मी म्हटलं. आणि म्हणता-म्हणता मीच खाली वाकून पाहिलं. चपला तिन्ही जोड जागेवर होते, म्हणजे रोशनचे बूट सोडून सगळे. चपला टाकून कोण पळतं?

मी उठले, मागच्या अंगणात गेले, ते सगळे माझ्या मागं. सगळ्यांच्या समोर गजांत तोंड घातलं आणि फटीला डोळा लावला. लाजायला वेळ नव्हता. गरम वारा परत तोंडावर आला. जमनी दाराशी पालथी, एक हात कडीकडे. बाई खाटेवर, मान खाली लोंबलेली. बाळ माझ्या डोळ्याखालीच, फटीच्या अगदी खाली, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

"दार तोडा," मी म्हटलं. "मेल्या रे, मेल्या. तोडा."

ज्यानं मारायला काठी आणली होती त्यानंच ती दाराच्या फटीत घालून कडी उचकटली. आत गेले ते खोकत बाहेर आले, परत नाकाला फडकी लावून गेले. तिघींना उचलून अंगणात आणलं. मैनाबाईनं बाळ पदराखाली घेतलं, स्वतःच्या छातीशी, आणि त्याच्या पाठीवर चोळत राहिली. कोणी सुपानं वारा घालत होतं, कोणी पाणी मारत होतं. ज्या जिपेतून लोक आले होते त्याच जिपेतून आम्ही वणीला गेलो. वाटेत एकानंही विचारलं नाही पोर कोणाचं म्हणून.

खाटेच्या पायाशी बोरसी होती, वर पांढरी राख. बाजूला माझं घमेलं.

डॉक्टर म्हणाले, दगडी कोळसा बंद खोलीत जळला की त्याचा वायू होतो. दिसत नाही, वास नाही. डोकं जड होतं, मग झोप, मग संपलं. भुशाचा विस्तव त्यांच्या गावी गवती छपराखाली असतो, कुडाच्या भिंती, वारा खेळता. इथं टिन, सिमेंट आणि प्लास्टिक. "त्या खिडकीत फट होती म्हणून वाचल्या. बाळ तर अगदी फटीखाली होतं," म्हणाले. "फट कशी पडली?"

रोशन खाणीतून तसाच आला होता, तोंड काळं, नुसते डोळे दिसत होते. तो माझ्याकडे पाहत होता. मैनाबाई पण. मी म्हटलं, "नवं प्लास्टिक, फाटलं असेल."

कोळसा मी दिला. मायेनं दिला. आणि फट मी पाडली ती कशापायी पाडली, ते मला ठाऊक आहे. ह्याचा अर्थ लावायला मी शिकलेली नाही. कालपासून जेवण जात नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

जमनीला शुद्ध आली. खाटेशी बसले होते. हळूहळू बोलली. सुनेची आधीची दोन गेली, एक तिसऱ्या दिवशी, एक छठीच्या आदल्या दिवशी. दोन्ही वेळा सगळ्या गावाला सांगितलं होतं, मिठाई वाटली होती. म्हणून ह्या खेपेला कोणाला काही दाखवायचं नाही, पोट नाही, पोर नाही, बाळुतंही नाही, असं ठरवून आली होती. शाल त्याचसाठी. खिडकी बुजवली तीही त्याचसाठी.

"आप पर भी शक किया, दीदी," म्हणाली. "वो चप्पल आप ही के लिए बांधी थी."

मी तिला मोसंबीची फोड भरवली.

२१ डिसेंबर, शनिवार

आल्या घरी. अक्षयनं सुताराकडून तिन्ही खिडक्यांना पल्ले बसवून घेतले, आणि बोरसी अंगणात, उघड्यावर. पण मधल्या खिडकीचं निळं प्लास्टिक जमनीनं छठी होईपर्यंत काढू दिलं नाही. राहून गेलेली छठी आज केली. मैनाबाई सकाळपासून इथं, फोन घरी ठेवून, पुऱ्या लाटायला. काठीवाला बाळासाठी टोपडं घेऊन आला आणि दारातच चुळबुळत उभा राहिला. जमनीनं त्याला हाताला धरून पाटावर बसवलं.

पाटावर कोरा कागद, माझा पेन. आणि खिडकीत त्या फटीच्या दोन्ही बाजूंना शेंदराची बोटं ओढलेली, खाली फूल.

"मइया ने उंगली डाली थी यहां से," जमनी सगळ्यांना सांगत होती. "हाथ जोड़िए, दीदी."

सगळ्यांनी जोडले. मैनाबाईनं जोडता-जोडता माझ्याकडे तिरकं पाहिलं. मीही जोडले. दुसरं करणार काय?

सगळे गेल्यावर जमनी पेन परत द्यायला आली. पेनासोबत लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर माझं दाभण, टोकाला शेंदूर.

"बाहर चौखट पर पड़ा था," ती म्हणाली. "मइया अपना सूजा भूल गई थी."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. डोळे मात्र.

"आप रख लीजिए," म्हणाली. "आपका घर पास है. मइया आएगी तो आप दे देना."

देवघरात ठेवलंय. तुरीची पोती शिवायला आता दुसरं आणावं लागेल.